निरोगी लाकडापर्यंत

कुरुरुपूच्या खाडीवर एकेचाळीस वर्षं होड्या बांधतोय.
बाकुरीच्या फळीतली कीड मला वासावरून कळते.
हातोडीच्या दांड्यानं ठोकायचं आणि ऐकायचं:
ही वाजते. ही बोलत नाही.

आणि स्वतःच्या अंगावरचा फोड
चौदा महिने कोमट मिठाच्या पाण्यानं धूत बसलो.
आधी मिरीएवढा, मग काजूच्या बीएवढा,
मग मोजणं सोडलं.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझ्या मुठीतून वास यायला लागला.

इरासिल्दाला सांगितलं, पाठ धरलीय,
आणि झोळी पडवीत टांगली.
ती काही बोलली नाही.
माझे कपडे वेगळ्या भांड्यात उकळायला लागली,
त्याबद्दलही नाही.
एका सकाळी रंध्याखाली फेरीबोटीची दोन तिकिटं होती.

साओ लुईसच्या दवाखान्यात बाकावर आम्ही अकरा जण,
सगळ्यांच्या टोप्या मांडीवर.
कोणी कोणाला काय झालंय विचारलं नाही.
अकराही जण ओहोटीबद्दल बोललो.
मग आतून पुकारा झाला, क्लोदोमीर सेरेजो,
आणि मला वाटलं, दुसराच कोणी उठेल.

डॉक्टर तायस माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं सरळ नाव घेतलं: लिंगाचा कर्करोग.
आमच्या बंदरावर त्या अवयवाला बावीस नावं आहेत,
सगळी हसण्यासाठी.
दुखण्यासाठी एकही नव्हतं.

मी म्हटलं, कळतं मला,
निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं.
ती म्हणाली, हो, आणि त्यापुढे उगाच एक सूतही नाही.
'वर्षभर आधी आला असतात तर' असं सुरू केलं तिनं,
माझ्याकडे पाहिलं, वाक्य अर्धंच ठेवलं.
ते मी घरी नेलं. अजून रोज पूर्ण करतो.

अर्ध्याहून थोडं जास्त गेलं.
मग जांघेतल्या गाठी: डावीकडे आठ, सगळ्या स्वच्छ.
उजवीकडे नऊ, एकीत तो बसलेला.
शंभरातले किती जण पाच वर्षांनी असतात
तो आकडा मी विचारून घेतला,
पेन्सिलीनं फळीवर लिहिला,
आणि त्यावरून रंधा फिरवला.

दर तीन महिन्यांनी तोच बाक.
एलिएल, एकोणतीस वर्षांचा, लवकर आला होता;
त्याचं लेझरवर भागलं, परवा बायकोचं पोट दाखवत होता.
ओस्मारिनोनं सगळं काढायला नकार दिला होता.
'पुरुष म्हणून जाईन,' म्हणाला.
गेला. कसा गेला ते त्याच्या बहिणीनं सांगितलं,
ते मी इथं लिहीत नाही.

आता बसून लघवी करतो.
धक्क्याच्या भिंतीशी रांगेनं उभे राहणाऱ्यांत मी नसतो,
तिथल्या निम्म्या गप्पा मला कळतच नाहीत.
संध्याकाळी उजव्या पायाला भरती येते.
बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहतो,
ओल्या वाळूत राहतो तसा.

एका रात्री इरासिल्दा पडवीत आली.
झोळी दोघांची नव्हती, दोर करकरला.
जे उरलंय त्यावर तिनं हात ठेवला,
कपाळावर ठेवावा तसा.
ती म्हणते मी रडलो.
मला आठवतं, मी वरची गाठ चाचपत होतो.

नातू काईक तेरा वर्षांचा. रंधा धरायला शिकतोय.
काल त्याला सांगितलं: कातडी मागे घेऊन, रोज, साबणानं.
आणि काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी येऊन सांग,
लाकडाला लाज नसते.
तो कानापर्यंत लाल झाला, भुशात पाय घासत राहिला.
मग म्हणाला,
आजोबा, तुम्ही कोणाला सांगितलं होतं?

मी रंधा उलटा केला
आणि पात्याला धार आहे का ते पाहत राहिलो.
होती.